पत्रके की माणसे?



गेल्या बैठकीत सेवा समितीने गावाकडे पाठवायची आरोग्यपत्रके छापण्याचा विषय काढला. मी विरोध केला, पण कारण नीट सांगता आले नाही. म्हणून या अंकात जागा मागून घेतली.

मी आठ वर्षांचा होतो. आमच्या चावडीच्या भिंतीवर सरकारी फलक होता: पाणी उकळून प्या. धाकट्या बहिणीला जुलाब लागले, तेव्हा आजीने तिचे पाणी तोडले. पाण्याने जुलाब वाढतात, असे ती तिच्या आईकडून शिकली होती. मी फलक वाचून दाखवला. आजी म्हणाली, "सरकारला लेकरं आहेत का?" तिसऱ्या दिवशी बहीण गेली. आजीचा तिच्यावर फार जीव होता. फलकही खोटा नव्हता, पण आजारी पोराला पाणी पाजा, एवढेच त्यावर नव्हते. आणि आजीची समजूत काय आहे, हे कोणी विचारलेही नव्हते.

गाडगेबाबा (१८७६–१९५६) विचारत. गावात शिरले की आधी खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनात उपदेशापेक्षा प्रश्न जास्त. उत्तर लोकांच्याच तोंडून येई, म्हणून ते घरापर्यंत जाई.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच वेगळ्या रीतीने केले. गावानेच निवडलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवले. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित होत्या. पण शेजारची बाई स्वतः पाणी कालवून पाजते, तेव्हा सासूही बघत बसते.

ते पाणी असे: १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त नको. ओआरएसचे पाकीट मिळाले तर तेच बरे. अंगावरचे दूध चालू ठेवावे. शौचात रक्त, गुंगी, किंवा पाणीही पिववत नसेल तर थेट दवाखाना.

गावी फोन कराल तेव्हा हे लगेच सांगू नका. आधी विचारा, "पोराला जुलाब लागले तर पाणी देता की तोडता?"

माझी विनंती अशी की छपाईचे पैसे गावातल्या बायकांच्या प्रशिक्षणावर खर्च व्हावेत: बुडालेली मजुरी आणि एसटीचे भाडे. समितीने दोन्ही हिशेब वेगळे ठेवायचे मान्य केले आहे. देणगीच्या पाकिटावर ‘छपाई’ किंवा ‘मजुरी’ असे लिहून पेटीत टाकावे.