मांजराचा अंगरखा

मुलांनो, तुमच्या गल्लीत मांजरे असतीलच. आज शाळेतून घरी जाताना त्यांच्याकडे जरा नीट पाहा. एखादे काळेभोर असेल, एखादे पांढरेशुभ्र. एखाद्याच्या करड्या अंगावर वाघासारखे पट्टे असतील. एखाद्याच्या अंगावर मात्र काळा, पिवळा आणि पांढरा असे तिन्ही रंग दिसतील, जणू आजीने शिवलेली गोधडीच! अशा रंगीबेरंगी ठिपक्यांच्या जनावराला मराठीत ‘कबरे’ म्हणतात. उर्दूतला ‘चितकबरा’ हा शब्द तुम्हांला ठाऊकच आहे.

उर्दूत ‘बिल्ली’ स्त्रीलिंगी आहे. मराठीत मात्र ‘मांजर’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. आपण ‘ते मांजर’ असे म्हणतो. मांजर नर असेल, तर त्याला ‘बोका’ म्हणतात. हा फरक या पाठात महत्त्वाचा आहे. कारण तीन रंगांचा बोका तुम्हांला सहसा सापडणार नाही. तीन रंगांचे मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते.

असे का बरे होत असेल?

मांजराच्या केसांत मुख्यतः दोनच रंगद्रव्ये असतात. एक काळे आणि दुसरे पिवळट तांबडे. जेथे रंगद्रव्य पोहोचतच नाही, तेथे केस पांढरे राहतात. काळा रंग की पिवळा, हे ठरवणारे जनुक ‘एक्स’ नावाच्या गुणसूत्रावर असते. बोक्याच्या प्रत्येक पेशीत एक्स गुणसूत्र एकच असते. त्यामुळे त्याला एकच हुकूम मिळतो : काळा हो, नाहीतर पिवळा हो. मादीच्या पेशीत मात्र दोन एक्स असतात. एक आईकडून आलेले, दुसरे बापाकडून. समजा, एक म्हणते ‘काळी हो’ आणि दुसरे म्हणते ‘पिवळी हो’. मग कोणाचे ऐकायचे?

येथे निसर्गाने मोठी गमतीची युक्ती केली आहे. पिल्लू आईच्या पोटात अगदी लहान असतानाच त्याची प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स बंद करून टाकते. कोणते बंद करायचे, याला नियम नाही. त्या पेशीपासून पुढे ज्या पेशी तयार होतात, त्या तोच निर्णय पाळतात. म्हणून अंगाचा एक भाग काळा होतो आणि शेजारचा पिवळा. इंग्लंडमधील मेरी लायन या शास्त्रज्ञ बाईंनी उंदरांच्या रंगांचा अभ्यास करून १९६१ साली ही कल्पना मांडली. पिवळा रंग देणारा नेमका बदल सापडायला मात्र पुढे बरीच वर्षे लागली. अमेरिका आणि जपान येथील दोन गटांनी तो शोध २०२५ साली प्रसिद्ध केला.

क्वचित एखाद्या बोक्याला जन्मतःच एक एक्स जास्त मिळते. तो तीन रंगांचा होऊ शकतो. अशा बोक्याला बहुधा पिल्ले होत नाहीत. जपानमध्ये तीन रंगांचे मांजर शुभ मानतात. तेथील किशी या छोट्या रेल्वे स्टेशनवर २००७ साली ‘तामा’ नावाच्या तिरंगी मांजरीला चक्क स्टेशनमास्तर नेमले होते! तिला टोपीही दिली होती. २०१५ साली ती मरण पावली.

आता एक विचार करा. तुमचे लाडके कबरे मांजर मेले, तर अगदी तसेच दुसरे तयार करता येईल का? अमेरिकेतील टेक्सास येथील एका विद्यापीठात शास्त्रज्ञांनी हा प्रयोग केला. ‘रेनबो’ नावाच्या तिरंगी मांजरीची एक पेशी घेऊन त्यांनी डिसेंबर २००१ मध्ये तिची प्रतिकृती जन्माला घातली. तिचे नाव ठेवले ‘सीसी’. जनुके तीच, म्हणून रूपही तेच असेल, असे कोणालाही वाटेल. पण सीसीच्या अंगावर करडे पट्टे आणि पांढरा रंग होता. पिवळा रंग औषधालाही नव्हता! कारण जी पेशी घेतली होती, तिच्यातले पिवळ्या रंगाचे एक्स आधीच बंद झालेले होते आणि ते पुन्हा उघडले नाही. पांढरे डाग तर जनुकांवर सर्वस्वी अवलंबूनच नसतात. रंग देणाऱ्या पेशी गर्भात पाठीकडून पोटाकडे आणि पायांकडे प्रवास करतात. कोठवर पोहोचतील, ते दर वेळी वेगळे. म्हणून पोट आणि पंजे बहुधा पांढरे राहतात. सीसी अठरा वर्षे सुखाने जगली, तिला पिल्लेही झाली. पण रेनबो काही परत आली नाही.

सयामी मांजराची गोष्ट आणखी निराळी. त्याचे रंगद्रव्य थंडीतच तयार होते. आईच्या पोटात ऊब असते, म्हणून पिल्लू जन्मते तेव्हा जवळजवळ पांढरे असते. पुढे कान, नाक, पंजे आणि शेपूट हे थंड राहणारे भाग काळसर होतात.

आणि पांढरेशुभ्र, निळ्या डोळ्यांचे मांजर? ते दिसते फार देखणे. लोक हौसेने घरी आणतात. पण अशा मांजरांपैकी पुष्कळशी जन्मतः बहिरी असतात. डार्विननेही १८५९ सालच्या आपल्या ग्रंथात याचा उल्लेख केला आहे. रंग देणाऱ्या पेशी कानाच्या आतही लागतात. त्या नसल्या, तर कान काम करत नाही. असे मांजर ‘हट्टी आहे, हाक मारली तरी येत नाही’ म्हणून उगाच मार खाते. तुमच्याकडे असे पिल्लू असेल, तर ते झोपलेले असताना थोडे दूर उभे राहून टाळी वाजवा. वारा त्याला लागू देऊ नका. त्याचा कानही हलला नाही, तर बहुधा त्याला ऐकू येत नाही. एकदा पाहून भागत नाही. दोन-तीन दिवस पाहा. ते बहिरे असेल, तर त्याला रस्त्यावर सोडू नका. मोटारीचा भोंगा त्याला ऐकू येणार नाही. आणि उठवायचे असेल, तर एकदम अंगाला हात लावू नका. जवळ जाऊन जमिनीवर हळूच पाय आपटा. तो कंप त्याला बरोबर कळतो.