घाटावरच्या गोष्टी सगळ्यांच्या

प्रश्न : गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर महिन्यातून एकदा गोष्टींची संध्याकाळ भरवायची आहे. काहीजण म्हणतात, सांगणारा कीर्तनकारच हवा. वस्तीतल्या आजी, एक कर्णबधिर मुलगा आणि व्हीलचेअरवरचे काका यांना कसं सामावून घेऊ?
– एक वाचक, गंगाखेड

उत्तर : कीर्तनकार आले तर आनंदच, पण ती अट नव्हे. तुमचं गाव संत जनाबाईंचं. दळण-कांडण करणाऱ्या बाईचे अभंग आपण सात शतकं गातो आहोत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्याही अशाच बायकांकडून. तेव्हा आजींना बिनधास्त बोलवा. आजी आपल्या बोलीतच सांगतील, भाषा सुधारायला जाऊ नका.

बैठक पायऱ्यांवर नको, घाटाच्या वरच्या सपाट जागेत घ्या. काका कडेला न राहता मधोमध बसतील. उजेड असतानाच सुरू करा आणि ऊन सांगणाऱ्याच्या तोंडावर येऊ द्या. सूर्य पाठीशी असला की चेहरा काळवंडतो, ओठ आणि हातवारे दिसत नाहीत. सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असेल तर जवळच्या कर्णबधिर विद्यालयात विचारा. त्या मुलाला नुसतं ऐकणाऱ्यांत धरू नका, त्यालाही गोष्ट सांगू द्या.

जागेसाठी नगरपरिषदेला आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात आधी अर्ज करा. रात्री दहानंतर तो बंदच. चित्रीकरण करायचं तर सांगणाऱ्याला विचारूनच. पावसाळ्यात मात्र घाट टाळा: जायकवाडीतून पाणी सोडलं की गोदेची पातळी वाढते.