जयाजयांतील समत्व

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ३८ व्या श्लोकात जय-पराजय समान मानून युद्धास सिद्ध होण्याची आज्ञा आहे. समत्व म्हणजे शैथिल्य नव्हे.

पुढे चंदीगडवासी झालेल्या थोरल्या बलबीरसिंगांच्या हॉकीसंघाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये अमेरिकेवर १६-० आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानवर १-० असा विजय मिळविला. गोल भिन्न, कर्तव्य एकच.

आज त्याच चंदीगडमध्ये मुले सॉफ्टबॉल खेळतात. या खेळात सामान्यतः पाच डावांनंतर सात धावांची आघाडी असल्यास सामना संपवितात. नियम धावा रोखतो, विजेत्याने केलेला उपहास नव्हे. मुद्दाम झेल सोडणे हीही दया नव्हे. तो प्रतिपक्षाचा अवमानच होय.

म्हणून गृहस्थाने, जिंकून परतलेल्या मुलास धावा विचारण्यापूर्वी, हरलेल्यांशी तो कसा वागला हे विचारावे.