देखरेख की आधार?

मराठीत ‘पर्यवेक्षक’ म्हटले की परीक्षेच्या दालनात बाकांमधून फिरणारी व्यक्ती डोळ्यांपुढे येते. ब्रिटनमधील परिचारिकांच्या मनात ‘सुपरव्हिजन’ या शब्दाची प्रतिमा याहून फारशी वेगळी नव्हती. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० साली नाइटिंगेल परिचर्या विद्यालय सुरू झाले, तेव्हापासून मेट्रन, सिस्टर व शिकाऊ परिचारिका अशी उतरंड अंगवळणी पडली होती. वरून येणारी नजर चूक शोधायलाच येते, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे १९९३ साली आरोग्य खात्याने ‘क्लिनिकल सुपरव्हिजन’चा पुरस्कार केला तेव्हा अनेकींनी त्याकडे संशयाने पाहिले, यात नवल नाही.

वास्तविक कल्पना निराळी होती. परिचारिकेने अनुभवी सहकाऱ्यासमवेत ठरावीक काळाने निवांत बसावे आणि स्वतःच्या कामाविषयी मोकळेपणाने बोलावे, एवढेच तिचे स्वरूप. ब्रिजिड प्रॉक्टर यांनी अशा पर्यवेक्षणाची तीन कार्ये सांगितली आहेत : कामाचा दर्जा राखणे, कौशल्य वाढविणे आणि मनावरील भार हलका करणे. यांपैकी तिसऱ्याची निकड किती जुनी होती, हे इझाबेल मेन्झीस यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या, लंडनच्या एका अध्यापन-रुग्णालयाच्या अभ्यासावरून कळते. तेथे परिचर्येचे तुकडे पाडून ते अनेकींत वाटलेले असत. रुग्णाचा उल्लेख नावाने न होता खाटेच्या क्रमांकाने वा रोगग्रस्त अवयवाने होई. वेदना व मृत्यू यांच्या सान्निध्यातून उपजणारी चिंता दूर ठेवण्याचा तो खटाटोप होता. चिंता मात्र हटली नाही. सुमारे एक तृतीयांश शिकाऊ परिचारिका शिक्षण पुरे होण्याआधीच निघून जात.

परिचर्या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या ब्रिटनच्या केंद्रीय परिषदेने १९९६ साली स्पष्ट केले, की हे पर्यवेक्षण म्हणजे प्रशासकीय नियंत्रण नव्हे व कामगिरीचे मूल्यमापनही नव्हे. पण कागदावरचा हा भेद वॉर्डात टिकणे अवघड. रजा मंजूर करणारी आणि बढतीची शिफारस करणारी सिस्टरच समोर बसली, तर आपल्या हातून औषधाची मात्रा चुकता चुकता राहिली, हे कोण सांगेल? मग निरुपद्रवी प्रसंगच बोलण्यात येतात. शिवाय रुग्णाला धोका संभवत असेल तर गुप्तता पाळता येत नाही. ही मर्यादा रास्तच आहे, परंतु ती आरंभीच सांगितली पाहिजे.

दुसरी अडचण वेळेची. वॉर्ड भरलेला असताना तासभर उठून जाणे म्हणजे आपले रुग्ण मैत्रिणीच्या गळ्यात घालणे, असे परिचारिकेला वाटते आणि स्वतःसाठी घेतलेला तो तास तिला चैनीचा भासतो. या पर्यवेक्षणाचे मोजमाप करण्यासाठी २००० साली तयार झालेल्या मँचेस्टर मापनश्रेणीत परस्परविश्वासाच्या जोडीने ‘वेळ मिळणे’ हाही एक स्वतंत्र घटक धरलेला आहे.