काचेवर, तोंडावर की पायावर? : गाडीच्या एसीतील हवेच्या दिशेचे बिघाड

मित्रांनो, पेपरात व्हेपर कम्प्रेशन सायकल काढून सी.ओ.पी. काढायची म्हटली, तर आपला कोणी हात धरणार नाही. पण एखादा गाडीवाला समोर येऊन म्हणाला, "हवा गार आहे हो, पण नुसती पायावरच येते," की आपली गाडी लगेच गॅस आणि कॉम्प्रेसरकडे धावते. वास्तविक या तक्रारीशी रेफ्रिजरेशनचा काही संबंध नाही. हवा गार झालेली आहे, तिचा फक्त रस्ता चुकलाय. हा चुकलेला रस्ता शोधायचा कसा, ते या लेखात पाहू. याला लागणारी हत्यारं म्हणजे एक कागदाची पट्टी, एक टॉर्च, एक मल्टिमीटर आणि थोडा धीर.

विषय चैनीचा वाटेल, पण तसा तो नाही. पावसाळ्यात आंबा घाटातून रात्री येताना पुढची काच धूसर झाली, तर काय होतं हे कोल्हापूर-रत्नागिरीच्या मुलांना सांगायला नको. काच आतून धूसर होते तेव्हा पावसाने गार झालेल्या काचेवर आपल्याच श्वासातली वाफ बसलेली असते. तिला कोरडी हवा काचेवर सोडणं हाच उपाय. उलट हवा सतत काचेवरच अडकून राहिली, तर दुसराच घोटाळा होतो. बाहेर २८ अंश सेल्सिअस आणि ९० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर दवबिंदू साधारण २६ अंशांवर येतो. एसीच्या हवेने काच त्याखाली गेली की वाफ बाहेरून धरते. वायपर फिरवून काच साफ झाली तर वाफ बाहेरची, बोट फिरवून साफ झाली तर आतली. अमेरिकेत काचेवरची वाफ घालवणारी यंत्रणा १९६८ पासून सुरक्षेच्या मानकात आहे (फेडरल मोटर व्हेइकल सेफ्टी स्टँडर्ड क्रमांक १०३). म्हणजे ब्रेक आणि सीटबेल्टच्याच पंगतीत तिचं पान मांडलेलं आहे.

डब्याच्या आत काय असतं?

डॅशबोर्डच्या मागे प्लास्टिकचा एक मोठा डबा असतो. ब्लोअर हवा ओढतो आणि कूलिंग कॉइलवरून पुढे ढकलतो. शेजारी हीटर कोर असतो, त्यातून इंजिनचं गरम पाणी फिरतं. या वाटेवर फ्लॅप असतात, आणि त्यांची कामं तीन.

पहिला फ्लॅप हवा बाहेरून घ्यायची की आतलीच फिरवायची ते ठरवतो. दुसरा किती हवा हीटर कोरवरून जाऊ द्यायची ते ठरवतो, म्हणजे तापमान त्याच्या हातात. तिसरा (बऱ्याचदा हे दोन-तीन फ्लॅप एकाच कॅम प्लेटवर जोडलेले असतात) हवा तोंडावर, पायावर की काचेवर जाणार ते ठरवतो. आपला आजचा आरोपी हा तिसरा.

आधी तक्रार नीट लिहून घ्या

गाडीवाला म्हणतो "एसी चालत नाही". या एका वाक्यात चार वेगवेगळे आजार बसतात. म्हणून मी आधी कागदावर तक्ता आखतो. उभ्या रांगेत नॉबच्या पाच जागा : तोंड, तोंड-पाय, पाय, पाय-काच, काच. आडव्या रांगेत हवा बाहेर पडायच्या जागा : मधले व्हेंट, बाजूचे व्हेंट, पाय, काच. ब्लोअर मधल्या स्पीडवर ठेवायचा आणि प्रत्येक ठिकाणी कागदाची पट्टी धरून जोरात, थोडी किंवा अजिबात नाही असं लिहायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण इथेच अर्धं निदान होतं.

१) सगळ्याच दिशांना हवा कमी असेल, तर तो दिशेचा बिघाड नव्हे. केबिन फिल्टर तुंबलाय का, ब्लोअर नीट फिरतो का ते बघा. हवा सुरुवातीला चांगली आणि अर्ध्या तासाने कमी होत असेल, एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर परत येत असेल, तर कॉइलवर बर्फ धरतोय.

२) दिशा बरोबर पण एका बाजूला गार आणि दुसऱ्या बाजूला कोमट असेल, तर तापमानाचा फ्लॅप किंवा कमी झालेला गॅस हे संशयित.

३) नॉब फिरवला तरी हवा जागा बदलत नाही, किंवा चुकीच्या जागी जाते, हा खरा दिशेचा बिघाड.

दोन गोष्टी मात्र बिघाड म्हणून लिहू नका. नॉब पायावर असताना काचेवर थोडी हवा झिरपणं हे बऱ्याच गाड्यांत मुद्दाम ठेवलेलं असतं. आणि ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलमध्ये 'ऑटो'वर असताना दिशा आपोआप बदलते, ते त्याचं कामच आहे. तपासणी करताना 'ऑटो' बंद करून दिशा हाताने निवडायची.

मुख्य प्रश्न : शक्ती गेल्यावर फ्लॅप कुठे जातो?

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा. फ्लॅपला हलवणारी शक्ती गेली की तो कुठे जाऊन थांबतो, हे माहीत असेल तर बिघाड स्वतःच आपला पत्ता सांगतो.

आगगाडीचा ब्रेक आठवा. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८७२ मध्ये आणलेल्या स्वयंचलित एअर ब्रेकमध्ये पाइपातला दाब गेला की ब्रेक लागतो. आपण साखळी ओढतो तेव्हा ब्रेक पाइपातली हवाच सोडत असतो. म्हणजे बिघाड झालाच तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, अशी आखणी. गाडीच्या फ्लॅपचे या दृष्टीने तीन प्रकार पडतात.

व्हॅक्यूमवाले : १९९०च्या दशकातल्या फोर्ड एफ-१५० किंवा जीप चेरोकीसारख्या अमेरिकन गाड्यांत दिशेचे फ्लॅप इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमवर चालत. व्हॅक्यूम गेला की स्प्रिंग फ्लॅपला काचेच्या बाजूला नेते. तोंडावर गार हवा नसली तर माणूस घामाघूम होईल, पण काच दिसली नाही तर गाडी दरीत जाईल, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. म्हणून अशा गाडीत "नॉब कुठेही ठेवा, हवा काचेवरच" ही तक्रार आली की फ्लॅपकडे जायचं कारण नाही. व्हॅक्यूमची नळी कुठे तडकली ते शोधा. याचाच धाकटा भाऊ म्हणजे "चढाला हवा काचेवर जाते, सपाटीला परत तोंडावर येते". पेट्रोल इंजिन आयडलिंगला साधारण १८ ते २० इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम देतं, पण अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो जवळजवळ शून्यावर येतो. तेवढा वेळ साठवणीची टाकी आणि चेक व्हॉल्व्ह यांनी किल्ला लढवायचा असतो. चढावर दिशा बदलते म्हणजे या दोघांपैकी एक गळतोय.

केबलवाले : आपल्याकडच्या साध्या, हाताने नॉब फिरवायच्या गाड्यांत बहुधा हाच प्रकार. इथे केबल सुटली तर फ्लॅपला घरी नेणारं कोणी नाही. तो आहे तिथेच राहतो किंवा सैल लोंबकळतो. खूण नॉबच देतो. नॉब एकदम हलका फिरला तर केबल सुटली किंवा तुटली. दगडासारखा जड लागला तर केबल गंजली किंवा फ्लॅप अडकला.

मोटरवाले : क्लायमेट कंट्रोलच्या गाड्यांत छोटी डी.सी. किंवा स्टेपर मोटर गिअर ट्रेनमधून फ्लॅप फिरवते. करंट गेला की गिअरच्या रिडक्शनमुळे फ्लॅप शेवटच्या जागी जखडून राहतो. "काल पायावर ठेवली होती, आज पायावरच अडकली" ही या प्रकाराची खास तक्रार.

आता सर्किटचे दोन तुकडे करा

इलेक्ट्रॉनिक्सची मुलं लांब सर्किट मधोमध तोडून बिघाड कुठल्या अर्ध्यात आहे ते बघतात. इथे तोच फंडा. एका टोकाला नॉब, दुसऱ्या टोकाला फ्लॅप, आणि मधला सांधा म्हणजे फ्लॅपची लिव्हर. केबल किंवा मोटर लिव्हरपासून सोडवा, ब्लोअर चालू ठेवा आणि लिव्हर हाताने पूर्ण फिरवा. हवा तोंडावरून पायावर, पायावरून काचेवर गेली, तर फ्लॅप निर्दोष. डबा उघडायची गरज नाही, बिघाड अलीकडच्या अर्ध्यात आहे. लिव्हर फिरते पण हवा हलत नाही, तर फ्लॅपचा दांडा तुटलाय. लिव्हर मध्येच अडकते, तर आत काहीतरी पडलंय. काचेखालच्या फटीतून पेन, नाणी, टोलच्या पावत्या आत जातात.

मागच्या उन्हाळी सुट्टीत मी एका गॅरेजमध्ये काम शिकत होतो. तिथे एक टुरिस्ट गाडीवाला आला. हवा फक्त पायावर. दुसऱ्या एका ठिकाणी त्याला डॅशबोर्ड उतरवून अख्खा डबा बदलायला सांगितलं होतं. डॅशबोर्ड उतरवणं म्हणजे गाडी निदान दिवसभर उभी, आणि त्याचा धंदा ऐन हंगामातला. तो हताश होऊन म्हणाला, "मिस्त्री, काय ते एकदाच सांगा. गाडी विकू का?"

मिस्त्रींनी मला विचारलं, "काय इंजिनिअर, आधी उघडायचं की आधी हलवून बघायचं?"

नॉब फिरवून बघितला, लोण्यासारखा हलका. मग टॉर्च घेऊन पेडलच्या वर डोकं घातलं. केबलचं बाहेरचं आवरण क्लिपमधून निसटलं होतं. सायकलच्या ब्रेकचं हेच तत्त्व आहे. आतली तार सरकायची, तर बाहेरचं आवरण दोन्ही टोकांना पक्कं धरलेलं पाहिजे. इथे नॉब फिरवला की आवरणासकट सगळी केबल हलत होती आणि लिव्हर जागची हलत नव्हती. मी लिव्हर बोटाने ढकलली आणि वरच्या फटीतून हवेने काचेवरची धूळ उडाली. गाडीवाल्याच्या चेहऱ्यावरचा रंग तिथेच बदलला. नॉब एका टोकाला, लिव्हर त्याच टोकाला, मग क्लिप बसवायची, हा क्रम मिस्त्रींनी दोनदा करून दाखवला, कारण क्रम चुकला तर शेवटची एक जागा कायमची हुकते. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

मोटर असेल तर मल्टिमीटर

बऱ्याच डी.सी. अ‍ॅक्च्युएटरना पाच तारा असतात. दोन मोटरच्या आणि तीन आतल्या पोटेन्शिओमीटरच्या. (तारा कमी-जास्त असतील किंवा स्टेपर असेल, तर त्या गाडीचं सर्किट बघूनच पुढे जा.) नॉब फिरवताना मोटरच्या दोन तारांवर साधारण बॅटरीइतका व्होल्टेज येतो, आणि उलट दिशेला फिरवल्यावर त्याची पोलॅरिटी बदलते. व्होल्टेज येतो पण मोटर फिरत नाही : मोटर गेली किंवा फ्लॅप अडकला. व्होल्टेजच येत नाही : फ्यूज, वायर किंवा कंट्रोल पॅनेल. पोटेन्शिओमीटरला बहुधा ५ व्होल्टचा पुरवठा असतो. फ्लॅप फिरताना सिग्नलचा व्होल्टेज सलग चढला-उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा शून्य झाला, तर पट्टी झिजली आहे. मग फ्लॅप कुठे आहे हे पॅनेलला कळत नाही आणि तो भलत्याच जागी थांबतो.

डॅशबोर्डच्या आतून टकटक आवाज येत असेल, तर कान लावून ऐका. बहुतेक वेळा गिअरचे प्लास्टिकचे दात झिजून घसरत असतात. आणि मोजमापाआधी एक प्रश्न विचाराच : एकच फ्लॅप मेलाय की सगळे? एक असेल तर त्याची मोटर, वायर, फ्लॅप. सगळे एकदम असतील तर चार मोटरी एकाच रात्री जळत नाहीत. फ्यूज, अर्थिंग किंवा पॅनेल बघा.

बॅटरी काढल्यावर किंवा नवी मोटर बसवल्यावर बऱ्याच गाड्यांत कॅलिब्रेशन करावं लागतं. पॅनेल फ्लॅपला दोन्ही टोकांपर्यंत नेऊन त्या जागा लक्षात ठेवतं. पद्धत त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. ही पायरी गाळली की नवी कोरी मोटरही बिघडलेली वाटते, आणि बिचारी परत दुकानात जाते.

हात घालण्यापूर्वी

पिवळ्या कनेक्टरच्या तारा एअरबॅगच्या असतात. तिथे मल्टिमीटर लावायचा नाही. डॅशबोर्डचे भाग उतरवायचे असतील, तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचंच. आणि इग्निशन चालू असताना फ्लॅपच्या लिव्हरमध्ये बोट ठेवू नका. मोटर दिसायला आगपेटीएवढी, पण गिअरमुळे बोट चांगलंच चिमटते.

मित्रांनो, एवढ्या तपासणीत आपण बदललं काहीच नाही, फक्त प्रश्न विचारले. "कुठला पार्ट गेला?" या प्रश्नाने पार्टच्या दुकानाची पायरी चढावी लागते. "कुठपर्यंत ठीक आहे?" या प्रश्नाने बिघाडाची जागा निम्मी होते, मग पाव, मग एक क्लिप उरते. पुढच्या वेळी घरी जाताना गाडीत पुढच्या सीटवर बसायला मिळालं, तर कागदाची पट्टी काढा आणि तक्ता भरून बघा. ड्रायव्हरकाका हसतील, हसू द्या. घाट लागायच्या आत काचेवर हवा येते की नाही, हे निदान तुम्हाला माहीत असेल.