डिस्कस माशांचे संवर्धन : आधी पाण्याची परीक्षा

शोभिवंत मत्स्यसंवर्धन हा थोड्या जागेत करता येण्याजोगा पूरक व्यवसाय आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घराच्या आवारातील अशा केंद्रांचाही समावेश करण्यात आला. या व्यवसायात डिस्कस माशाला चांगली किंमत मिळते. परंतु पाण्याच्या बाबतीत तो तितकाच चोखंदळ आहे. टाक्या व माशांच्या जोड्या खरेदी केल्यानंतर अंडी फळत नाहीत असे आढळले, तर भांडवल अडकून पडते. म्हणून पहिला खर्च पाण्याच्या तपासणीवर व्हावयास हवा.

मूळ स्थान

डिस्कस हा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातील मासा. १८४० साली हेकेल या शास्त्रज्ञाने रिओ नेग्रो नदीतील नमुन्यावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. या नदीच्या पाण्यात क्षार अत्यल्प असतात आणि कुजलेल्या पालापाचोळ्यातील आम्लांमुळे त्याला काळ्या चहासारखा रंग येतो. याउलट महाराष्ट्राचा बहुतांश भाग बसाल्ट खडकाचा आहे. येथील अनेक विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. साबणाला फेस न येणे, भांड्यांवर पांढरी पुटे चढणे ही त्याची परिचित लक्षणे होत.

तीन वेगळी मोजमापे

कठीणपणा म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियमचे प्रमाण. अल्कता म्हणजे आम्ल पचविण्याची पाण्याची शक्ती; ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते. सामू म्हणजे पाण्याची आम्लधर्मी वा अल्कधर्मी स्थिती. या तिन्हींची गल्लत करू नये. अल्कता जास्त असलेल्या पाण्यात आम्ल टाकून सामू उतरविला, तर तो काही काळाने पुन्हा चढतो. हे चढउतार माशांना अपायकारक ठरतात.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा दर लिटरला २०० मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. अर्थात, पिण्यास योग्य ठरलेले पाणी डिस्कसच्या प्रजननास योग्य असेलच असे नाही. टाक्यांत पैदास झालेले प्रौढ मासे मध्यम कठीण पाण्यात चांगले वाढतात. अंडी फळण्यासाठी मात्र कठीणपणा साधारणतः ८० मिलिग्रॅमपेक्षा कमी, सामू ६ ते ६.८ आणि तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअस ठेवावे.

मिश्रणाचा हिशेब

पाणी मृदू करण्याचा सुलभ मार्ग म्हणजे पावसाचे किंवा आरओ यंत्राचे पाणी मिसळणे. समजा, विहिरीच्या पाण्याचा कठीणपणा ४०० मिलिग्रॅम आहे. त्याच्या एका भागात जवळजवळ क्षारविरहित असे चार भाग पाणी मिसळल्यास कठीणपणा सुमारे ८० वर येतो. पावसाचे पाणी धरताना पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे व पन्हळी स्वच्छ असाव्यात. मिठावर चालणारी मृदुकारी यंत्रे कॅल्शियमच्या जागी सोडियम आणतात; एकूण क्षार कमी होत नाहीत, म्हणून ती येथे उपयोगी नाहीत.

निव्वळ क्षारविरहित पाणीही वापरू नये. माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू अल्कता खर्च करतात. ती संपली की सामू एकाएकी कोसळतो आणि जिवाणूंचे कार्य मंदावते. अशा टाकीत सामू पुन्हा वाढविताना घाई करू नये. कारण सामू ७ वरून ८ झाला, की साचलेल्या अमोनियाचा विषारी अंश सुमारे दहापट होतो. म्हणून ठरावीक दिवशी थोडे पाणी बदलावे आणि नवे पाणी त्याच मिश्रणाचे व त्याच तापमानाचे असावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी काढून टाकावे.

गावपातळीवर काय करता येईल?

विहिरीचे पाणी उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर असे दोनदा तपासून घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ही सोय आहे. शिक्षकांनी विहिरीच्या व पावसाच्या समान पाण्यात सारखेच साबणाचे थेंब टाकून फेसातील फरक विद्यार्थ्यांना दाखवावा. पंचायत सदस्य व अधिकाऱ्यांनी कर्जप्रकरणाची शिफारस करताना जागेच्या उताऱ्याबरोबर पाण्याचा अहवालही मागावा. पाणी अनुकूल नसेल, तर गप्पी, मॉली यांसारखे कठीण पाणी मानवणारे मासे निवडणे हेच शहाणपणाचे होय.