आधी वय विचारा

माझ्या पुढच्या दातांवर करड्या-तपकिरी आडव्या पट्ट्या आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी माझं मेडिकल आहे, त्यामुळे दिवसभर लोकांशी बोलणं आलंच. कुणाला वाटतं मी मिश्री लावते, कुणाला वाटतं बोअरचं पाणी बाधलं. यातलं काहीच नाही. लहानपणी ताप आला किंवा जुलाब लागले की किराणा दुकानातून टेट्रासायक्लिनची एखादी कॅप्सूल सुटी यायची. आजी ती फोडून आतली पिवळी भुकटी मधात कालवायची आणि बोटाने चाटवायची. पुढे पक्के दात आले ते पिवळेच, आणि उजेड लागून हळूहळू काळवंडले.

हे औषध कॅल्शियमला धरून बसतं. आईच्या पोटात साधारण चौथ्या महिन्यापासून ते आठव्या वर्षापर्यंत दात हिरडीच्या आत घडत असतात. या काळात औषध पोटात गेलं, तर तेव्हा दाताचा जो भाग तयार होत असतो तिथे रंग उतरतो, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखा. रंग आतला असल्याने कितीही घासा, जात नाही. खरखरीत दंतमंजनाने वरचं कवच तेवढं झिजतं.

आमच्याकडे फ्लोरोसिसही आहे. त्यात दातांवर आधी खडूसारखे पांढरे डाग येतात, मग ते तपकिरी होतात. त्यावर उपाय म्हणजे लहान मुलांचं पिण्याचं पाणी बदलणं. दोन्हींवर ‘दात पांढरे करणारी’ पावडर विकणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक.

किराणा दुकानात औषध ठेवायचंच नाही, असं कायदा म्हणत नाही. १९४५ च्या औषध नियमांतल्या शेड्यूल ‘के’नुसार हजारापर्यंत वस्तीच्या गावात पॅरासिटामॉल, बाम यांसारखी ठरावीक घरगुती औषधं परवान्याशिवाय विकता येतात. अट अशी की माल परवानाधारकाकडूनच आणायचा आणि मूळ, न उघडलेल्या वेष्टनातच द्यायचा. स्ट्रिप कापून दिली की औषधाचं नाव एकाकडे आणि एक्सपायरी दुसऱ्याकडे जाते. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन ही शेड्यूल ‘एच’ची औषधं. ती चिठ्ठीशिवाय मेडिकलवालाही देऊ शकत नाही, मग किराण्याचा प्रश्नच नाही.

दातदुखीच्या गोळीचंही तसंच. एका बाजाराच्या दिवशी एक बाई पदराने गाल झाकून आली. ‘ताई, दाढ ठणकते, जरा जोरातली गोळी दे.’ तोंड उघडलं तर गालाची आतली बाजू पांढरीफटक, सोललेली. दुकानदाराच्या सांगण्यावरून तिने ॲस्पिरिनची गोळी रात्रभर दाढेशी दाबून धरली होती. गोळी गिळायची असते, हिरडीवर ठेवली तर भाजतं. तिला मी दंतवैद्याकडे पाठवलं. किडलेली दाढ गोळीने बरी होत नाही, दुखणं तेवढं दबतं.

म्हणून दुकानदारांना सांगणं आहे: गोळी कुणासाठी, वय काय, बाई गरोदर आहे का, आधी काय घेतलंय, हे विचारल्याशिवाय हात डब्याकडे नेऊ नका. सोळा वर्षांखालच्या मुलाला ॲस्पिरिन नको आणि बारा वर्षांखाली निमेसुलाइड नको. दात येताना बाळाच्या हिरडीला बधिर करणारं जेल लावू नका. मोठा ताप किंवा जुलाब ‘दात येतायत म्हणून’ असं समजून घरी बसू नका, बाळाला दवाखान्यात न्या. गाल सुजला, तोंड उघडेना, गिळताना त्रास होतोय, अशा माणसाला गोळी विकणं म्हणजे त्याचा वेळ घालवणं.

आईवडिलांसाठी एक गोष्ट जपून सांगते. स्क्रब टायफससारख्या तापात डॉक्टर लहान मुलालाही डॉक्सिसायक्लिन देतात. थोड्या दिवसांच्या अशा कोर्सने दातांवर डाग पडत नाहीत, असं आता दिसून आलं आहे. माझे दात आठवून तो डोस बंद करू नका, तो ताप जिवावर बेततो. चिठ्ठी असेल तर औषध पूर्ण घ्या. चिठ्ठी नसेल तर लाल रेघेचं, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधाचं, पाकीट दुकानदाराला परत करा.